नव्या स्टिकचा एकच आवाज

गोल्फच्या स्टिका बनवणाऱ्या कंपन्यांनी एवढ्या वर्षांत काय सुधारणा केली, असं कोणी आनंदरावांना विचारलं की ते आधी नाक मुरडायचे आणि मग ऐकणाऱ्याचा चहा थंड होईपर्यंत बोलत राहायचे. सिव्हिल लाइन्सच्या पलीकडे, माळावरच्या क्लबात ते नव्या मेंबरांना गोल्फ शिकवत. त्यांच्या बापाने त्याच माळावर इंग्रज साहेबांच्या बॅगा वाहिल्या होत्या. आनंदरावांनीही सुरुवातीची वर्षं बॅगाच वाहिल्या, पण साहेब मंडळी जेवायला गेली की बाभळीच्या आडोशाला बॉल मारून मारून ते खेळ शिकले, आणि पुढे शिकवायलाच उभे राहिले. आता मोठमोठे अधिकारी त्यांना उस्ताद म्हणत. ही गोष्ट त्यांना मनापासून आवडे आणि ती आवडते हे त्यांनी कधी लपवलंही नाही.

सुधारणांचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता. बापाच्या काळी दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. नागपूरच्या उन्हाळ्यात तो आखडायचा, पावसाळ्यात फुगायचा, आणि दरवेळी निराळाच वागायचा. मग पोलादी नळीचे दांडे आले. पण साहेब लोकांच्या डोळ्यांना पोलाद खुपे, म्हणून कंपन्यांनी त्यावर लाकडासारखा रंग चढवला. हे सांगताना आनंदराव खदखदून हसत. लांब मारायच्या मोठ्या स्टिकचं डोकं मात्र लाकडीच राहिलं. ते पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाचं असे. जंगल खात्यातल्या एका मेंबराने सांगितलं होतं की हे झाड आपल्या तेंदूच्याच भाऊबंदातलं. तेव्हापासून पर्सिमनचं डोकं फुटलं की आनंदराव पारशिवनीकडून तेंदूचा गाभा मागवत आणि गड्डीगोदामच्या सुताराकडून नवं डोकं घडवून घेत. ते जरा जड व्हायचं, पण आनंदरावांच्या मते अमेरिकेच्या तोंडात मारेल असं व्हायचं.

इथपर्यंतच्या सुधारणा त्यांना मंजूर होत्या. त्यानंतरच्या नव्हत्या. लोखंडी स्टिकची पाठ कोरून पोकळ करायची, लाकडी डोक्याच्या जागी आतून पोकळ असा धातूचा गोळा बसवायचा, असले उद्योग कंपन्यांनी सुरू केले होते. "दांड्याले गंज लावला अन् म्हने सुधारना," ते म्हणत. गंज म्हणजे आपलं पातेलं. मेंबर हसत आणि सोडून देत.

या रागामागचं खरं कारण त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. दोन वर्षांपासून आनंदरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. पायापुढचा बॉल त्यांना कसाबसा दिसे, पण तो उडाला की संपलं, पुढे सगळं दुधाळ. तरीही शिकवणी बिनबोभाट चालली होती, कारण ते कानांनी शिकवत होते. पर्सिमनच्या मधोमध बॉल बसला की भरल्या माठावर टिचकी मारावी तसा गोल आवाज येई. टोकाला लागला की कोरडा टक. दांड्याकडच्या बाजूला लागला तर खट्, आणि मारणाऱ्याच्या तोंडून 'स्स'. त्यात माणसाचे पाय कसे घासले, श्वास कधी सुटला, हे मिळवलं की बॉल कुठे गेला ते त्यांना न बघता कळे. "उजवीकडं गेला, साहेब. खांदा आधी उघडला." साहेब मान डोलवत. चूक क्वचितच होई. क्लबात अजून न आलेला तो धातूचा गोळा आला तर हे आवाज बदलतील, हीच त्यांची धास्ती होती.

ऑपरेशनचं नाव काढलं की मात्र ते विषय बदलत. थोरला भाऊ धोंडबा कुठल्याशा शिबिरात डोळा करून आला होता, तो डोळा कायमचा गमावून. तेव्हापासून आनंदरावांनी ठरवलं होतं, असलेलं धुकं बरं. शिकवणी सुटली तर मात्र क्लबात त्यांना पुन्हा बॅगाच वाहाव्या लागल्या असत्या, आणि बॉल न दिसणाऱ्याला बॅगही कोणी दिली नसती. हे सगळं फक्त त्यांच्या बायकोला, कौसल्याला, ठाऊक होतं. ती त्याच माळावर गवत कापायला जात असे. मेंबरांचे हरवलेले बॉल तिच्या विळ्याखाली सापडत.

चौऱ्याऐंशी सालचा हिवाळा होता. संत्र्यांचे मोठे अडते ओमप्रकाश शेठ अमेरिकेला लेकीकडे जाऊन आले आणि येताना स्टिकांचा पूर्ण सेट घेऊन आले. लोखंडी स्टिकांच्या पाठी कोरलेल्या, आणि मोठ्या स्टिकला धातूचं चकचकीत डोकं. सकाळी सकाळी शेठ शिकवणीच्या मैदानावर उभे राहिले, पोट सावरलं आणि जोर लावून हाणला. आवाज आला, टण्ण.

"कैसा गया, उस्ताद?"

आनंदरावांनी कान दिला होता. पण असला आवाज त्यांच्या कानांच्या ओळखीचाच नव्हता. ना गोल, ना कोरडा. तरी एवढा खणखणीत आवाज आला म्हणजे मधोमधच लागला असणार असं धरून ते म्हणाले, "एकदम सिधा, शेठजी. ब्यूटी!"

त्याच क्षणी उजवीकडून बायकांचा कल्ला झाला. बॉल थेट गवतवाल्या बायकांत घुसला होता. बायजाबाई म्हणून एक पोक्त बाई होती, तिच्या घोट्याला लागला. आनंदराव "बाजू व्हा" म्हणून ओरडले असते तर ती बाजूला झाली असती. बॉल वाकडा गेला की शिकवणाऱ्याने ओरडायचं, हा त्या माळाचा रिवाजच होता आणि बायका त्याच भरवशावर मान खाली घालून गवत कापत. मेंबर हसले. "उस्ताद, ये सिधा है?" शेठही हसले. त्यांनी बायजाबाईला पाय शेकायला घरी पाठवलं. आनंदराव हसले नाहीत. त्यांनी बॉल पुढे ठेवला आणि शेठना आणखी मारायला लावलं. टण्ण. टण्ण. टण्ण. बॉल कुठेही लागो, आवाज एकच.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट क्लबाचे सेक्रेटरी महादेवराव यांच्या कानावर गेली. महादेवराव बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, बोलणं मोजकं. त्यांनी आनंदरावांना व्हरांड्यात बोलावलं.

"आनंदराव, नवशिक्यांसाठी क्लबाला सेट घ्यायचे आहेत. शेठचा अमेरिकन आहे, आणि कामठीच्या छावणीतले एक कॅप्टन जपानी कंपनीचा आणणार आहेत. पुढच्या रविवारी दोन्ही, आणि आपला जुना, असे सगळे सेट मारून बघू. कुठली कंपनी बरी ते तुम्ही सर्वांसमोर सांगायचं. आणि प्रत्येक बॉल कुठे गेला, का गेला, तेही."

"हो, साहेब."

"नीट सांगा," महादेवराव म्हणाले. "आजच्यासारखं नको."

इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घरी त्या दिवशी चूल पेटायच्या आधी भांडण पेटलं.

"बायजाबाईचा पाय पाह्यला का तुमी?" कौसल्या म्हणाली. "टम्म सुजला हाय. डोक्याले लागला असता तं?"

"माह्यी नोकरी जाऊन राहिली, अन् तुले पायाचं पडलं!"

"हो, मले पायाचंच पडलं. तिथंच मीबी बसतो ना." ती थोडी थांबली. "मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात चाला, डोये दाखवा. किती बार सांगू?"

"इतवार होऊ दे. इतवारी निभलं की येतो."

"खरं?"

"खरं." आनंदराव हे दिवाळीच्या आधीही म्हणाले होते आणि पोळ्याच्या आधीही. कौसल्याला ते आठवत होतं, पण तिने उगाळलं नाही.

सोमवारी क्लब बंद असे. आनंदरावांनी शेठचा सेट 'साफ करतो' म्हणून मागून घेतला होता. दोघंच मैदानावर आली. नव्या स्टिकचे आवाज शिकायचे, असा त्यांचा बेत. पण स्वतः मारून उपयोग नव्हता, कारण त्यांचा बॉल मधोमधच बसायचा. हात अजून चोख होता. वाकडा मारणारं माणूस हवं होतं. त्यांनी कौसल्याच्या हातात स्टिक दिली.

"मी? अवो, कोनं पाह्यलं तं?"

"कोन पाह्यते? मार."

कौसल्याने पदर खोचला. आधी त्यांनी तिला जुनी स्टिक दिली. पहिला फटका हवेत गेला, दुसरा मातीत. तिसरा लागला तसा तिने दांडा टाकून दिला आणि हात झाडले. "माय वं! चावते हे. हाताले मुंग्या आल्या."

"तेच तं. वाकडं लागलं की हाताले सांगते ते. म्हनून मानूस शिकते."

"असं शिकवनं मले नाई पायजे." तिने पाठ कोरलेली नवी स्टिक उचलली आणि गवतावर विळा फिरवावा तशी सरळ फिरवली. बॉल उडाला. ती बघतच राहिली. "गेला! अवो, गेला ना!"

"कुठं लागला? मधात?"

"नाई, इकडं टोकाले लागला. तरी गेला की सिधा."

आनंदराव गुडघ्यांवर बसले. त्यांनी स्टिकचं डोकं हातात घेतलं आणि अंगठा त्याच्या पाठीवरून फिरवला. मधला भाग कोरून काढलेला, आणि काढलेलं सगळं वजन कडांना नेऊन ठेवलेलं. आता फटका कडेला लागला तरी तिथेही वजन होतं, म्हणून डोकं हातात वळत नव्हतं आणि बॉल पडत नव्हता. वर्षभर ज्याला पातेलं म्हणून हिणवलं, त्याची हुशारी त्यांच्या अंगठ्याला कळली. कंपन्यांनी चांगल्या फटक्यासाठी फारसं काही केलंच नव्हतं. त्यांच्यासारख्याचा बॉल जुन्या स्टिकनेही तेवढाच जात होता. जे केलं ते वाईट फटक्यासाठी, म्हणजे कौसल्यासाठी आणि शेठसाठी. आणि त्या भरात फटक्याचा आवाज मरून गेला होता. आनंदरावांना वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही आला.

"मार अजून," ते म्हणाले.

ती मारत राहिली आणि ते ऐकत राहिले. टोकाला, मधोमध, दांड्याकडे. काही फरक कळेना. ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी हात टेकले.

युक्ती कौसल्यानेच काढली. माळावर गावातली गुरं घुसत आणि त्यांना हाकलायला बायका रिकामा टिनाचा डबा विळ्याने बडवत. त्या आवाजाकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. मैदानाच्या पार टोकाला, बरोबर समोर, कडुनिंबाचं एक झाड होतं. रविवारी कौसल्या त्याच्याखाली बसेल. बॉल डावीकडे गेला तर डबा एकदा वाजेल. उजवीकडे गेला तर दोनदा. सरळ आला तर ती वाजवणार नाही.

"जमते," आनंदराव म्हणाले. मग त्यांना काही सुचलं. "अन् तुह्याच अंगावर आला तं?"

"मंग काय डबा वाजवत बसू?" कौसल्या हसली. "पयून जाईन ना मी!"

तेही हसले. तिथवर कोणाचा बॉल पोचतच नसे.

रविवारी मैदानावर झाडून सगळे मेंबर जमले होते. बायजाबाई लंगडत आली होती आणि इतर बायकांबरोबर बाजूला बसली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा फिरत होता. आनंदराव इस्त्रीचा सदरा घालून उभे राहिले आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून जुने मेंबर चकित झाले.

"मी आजवर नव्या स्टिकांले नावं ठेवली," ते म्हणाले. "ते चुकलं माह्यं. जुनी स्टिक तुमची चूक तुमाले सांगते. नवी स्टिक ते चूक पोटात घालते. नवीन मानसाले नवीच द्या, साहेब. नाई तं तो चार दिवसांत पळून जाईन." मग त्यांनी दोन्ही कंपन्या समजावून दिल्या. जपानी स्टिकचा तळ रुंद होता. मऊ हिरवळीवर तो छान घसरला असता, पण आपल्या मुरमाच्या कडक जमिनीवरून तो उसळी मारणार आणि बॉलच्या डोक्यावर बसणार. अमेरिकन तळ अरुंद, तो आपल्याला बरा. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, जागी तेल पाजलेली रेती असलेल्या माळावर जपानी माणसाने स्टिक मारून बघितली नव्हती, त्यात त्याचा काय दोष, असंही ते म्हणाले. लोक हसले. महादेवरावांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं.

मग मारणं सुरू झालं. शेठनी हाणला. टण्ण. दूरवर डबा दोनदा वाजला.

"बाजू व्हा!" आनंदराव उजवीकडे बघून ओरडले. बायका वेळेवर सरकल्या. "उजवीकडं, शेठजी. पण तरी पाहा, किती लांब गेला."

"वा, उस्ताद!"

पुढच्याला डबा एकदा वाजला, त्याच्या पुढच्याला वाजलाच नाही. आनंदराव न चुकता सांगत गेले. अंगात जुना उत्साह आला. लोक त्यांच्याकडेच बघत होते, आणि शिकवणी आता जात नाही हे त्यांना कळून चुकलं. मेडिकलचंही पुढे ढकलता येईल, असा विचार मनात आला तेव्हा त्यांना जराशी लाज वाटली, पण जराशीच.

शेवटी कामठीचा कॅप्टन पुन्हा उभा राहिला. तरणाबांड गडी, उंच, खांद्यात ताकद. आतापर्यंत त्याने स्वतःची जपानी लोखंडी स्टिक मारली होती. आता त्याने शेठची धातूच्या डोक्याची मोठी स्टिक मागून घेतली. आनंदरावांनी त्याचे पाय रोवलेले ऐकले, दांडा हवेत सुसाटलेला ऐकला. टण्ण. एवढा मोठा टण्ण त्यांनी आधी ऐकला नव्हता. मागे कोणीतरी म्हणालं, "बापरे, काय चाललाय!"

डबा वाजला नाही.

न वाजणं म्हणजे सरळ. सरळ म्हणजे कडुनिंबाकडे. असला फटका कडुनिंबापर्यंत पोचू शकतो की नाही, हे आनंदरावांना ठाऊक नव्हतं. या नव्या स्टिका कुठवर मारतात हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि तिच्याच अंगावर गेला असेल तरीही डबा वाजणार नव्हता. सोमवारचं तिचं हसणं त्यांना आठवलं. समोर नुसतं दूध सांडल्यासारखं पांढरं होतं आणि त्यात कुठेतरी कौसल्या बसली होती. ती पळाली, की खाली मान घालून विळा चालवत होती, की पडली होती, यातलं काहीएक त्यांना दिसत नव्हतं.

'सिधा, ब्यूटी' एवढंच म्हणायचं होतं.

"कौसल्या!" आनंदराव किंचाळले. "बाजू हो! कौसल्या, बाजू हो वं!" आणि ते पळत सुटले. चहाची किटली ठेवलेल्या स्टुलाला अडखळले, पडले, उठले आणि हात पुढे करून पुन्हा पळू लागले. जात होते ते कडुनिंबाकडे नव्हेच, पार डावीकडे बाभळींत.

कोणी हसलं नाही. बॉल मैदानाच्या मधोमध, कडुनिंबाच्या पुष्कळ अलीकडे, सर्वांसमोर स्वच्छ पडला होता. कडुनिंबाखाली कौसल्या डबा हातात घेऊन उभी राहिली होती आणि काय झालं ते तिला कळत नव्हतं.

महादेवराव मागून गेले आणि त्यांनी आनंदरावांचा दंड धरला. "आनंदराव, थांबा. बॉल तर सरळ गेलाय. कोणाला काही झालेलं नाही."

"नाई लागला?"

"नाही." महादेवरावांनी समोरच्या बाभळींकडे बघितलं. "तुम्हाला दिसला नाही?"

अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. आनंदराव थापा मारण्यात कच्चे नव्हते. पण त्यांना आता त्याचा कंटाळा आला. "नाई दिसत, साहेब," ते म्हणाले. "दोन वर्सं झाले."

"म्हणजे बायजाबाईच्या वेळीही."

"तवाबी नाई दिसला."

महादेवरावांनी दंड सोडला. "शिकवणी बंद करा आजपासून," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता, पण पर्यायही ठेवलेला नव्हता. "डोळे करून या. दिसायला लागलं की बघू. नाही दिसलं तर मी काही कबूल करत नाही." आणि ते खुर्च्यांकडे परत गेले. शेठनी स्टिका गोळा केल्या. कॅप्टन बिचारा उगाचच दिलगिरी व्यक्त करत होता.

कौसल्या धापा टाकत आली, एका हातात डबा, एका हातात विळा.

"वाजवला नव्हता ना मी? सिधाच तं होता! मंग काहून बोंबलले तुमी?"

"वाजवला नाई, म्हनूनच तं."

तिला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा तिने विळा डब्यात टाकला. "लय अलीकडं पडला होता तो," ती हळू आवाजात म्हणाली. "माह्यापासून लय लांब."

"मले काय मालूम किती लांब? मले भेव वाटला."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपल्याला भीती वाटली असं आनंदराव तिच्यासमोर कधी बोलले नव्हते. धोंडबाचा डोळा गेला तेव्हासुद्धा नाही. त्यांच्या सदऱ्यावर चहा सांडला होता, तो कौसल्याने पदराने टिपला आणि त्यांचं कोपर धरलं. एरवी त्यांनी तिचा हात झटकला असता. सगळ्या क्लबासमोर ती त्यांना हाताला धरून फाटकाकडे घेऊन चालली. वाटेत बायजाबाई बसली होती, तिच्यापाशी ते थांबले.

"पाय कसा हाय, बाई?" त्यांनी विचारलं.

"उतरला आता," बायजाबाई म्हणाली. "तुमी डोये करा, आनंदराव. आमी हातपाय सांभायून बसतो तवरी."

फाटकाबाहेर आल्यावर कौसल्या म्हणाली, "मेडिकलले सकायीच लाइन लागते. उद्या लवकर उठा."

"उठतो," आनंदराव म्हणाले, आणि या वेळी तिने 'खरं?' असं विचारलं नाही.